पन्नास ग्रॅमची पट्टी

काटेवाल्यांचा माणसांपेक्षा वजनावर जास्त विश्वास. माणूस बोलतो काय, हसतो काय, शपथा घेतो काय, ते सगळं त्यांच्या लेखी वरकड. काट्यावर ठेवल्यावर सुई कुठे थांबते तेवढंच खरं. दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचे हा त्यांचा धंदा, आणि काट्याचा कुठला भाग किती झिजलाय एवढं पाहून ते दुकानदाराची कुंडली मांडत. हा घाईघाईने तोलतो, हा पारड्यावर बोट टेकवतो, याच्या दुकानात गिऱ्हाईकच फिरकत नाही. बहुतेक वेळा बरोबर निघे. घरातल्या माणसांच्या बाबतीत मात्र यांचा अंदाज कायम पावशेर इकडे नाहीतर तिकडे होतो, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं होतं. ती हे त्यांच्या तोंडावर म्हणे, आणि ते ऐकू न आल्यासारखं करत.

त्यांना एकच मुलगी. जन्मली ती एवढीशी. दवाखान्यातल्या नर्सने वजन सांगितलं तेव्हा काटेवाल्यांनी, "तुमचा काटा एकदा तपासून देऊ का?" असं विचारून नर्सला कायमचं दुखावलं. काटा बरोबर होता, मुलगीच हलकी होती. म्हणून ती काडी. पुढे अंगाने भरली तरी नाव तेच राहिलं.

काडी अकरा वर्षांची असताना आत्या दुसऱ्या गावी राहायला गेली, आणि जाताना तिचा पियानो काडीच्या नावाने ठेवून गेली. खरा, लाकडी, भिंतीला पाठ लावून उभा राहणारा पियानो. तो जिन्यावरून वर आणताना चार माणसांची कंबर धरली आणि काटेवाल्यांनी नुसता हात लावून त्याचं वजन सांगितलं. बाहेरची खोली निम्मी झाली. पाहुणा आला की गुडघे पियानोला आणि पाठ भिंतीला, असा बसे. पण काडीला वेड लागल्यासारखं झालं. शाळेतून आली की दप्तर दारात आणि ती पियानोवर. आत्याने शिकवलेलं चार दिवसांत संपलं, मग ती आपल्या मनाचं वाजवायला लागली.

काटेवाल्यांना गाण्यातलं काही कळत नसे, पण तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती काडी आठवीत गणितात नापास झाली तेव्हा. गणितात! काटेवाल्याची मुलगी! निकालाच्या दिवशी ते दुकानात गेलेच नाहीत. दिवसभर त्या पियानोकडे असं बघत बसले, की जणू त्यानेच उत्तरपत्रिका कोरी ठेवली.

दोन गल्ल्या सोडून एक लॉज होतं. त्याच्या स्वयंपाकघरातले आणि सामानाचे काटे यांच्याकडेच असत. लॉजच्या मालकाने त्याच आठवड्यात ऑफिसातले कॉम्प्युटर बदलले होते आणि जुन्यातला एक धूळ खात पडला होता. शिवाय त्याला बाहेरच्या हॉलमध्ये 'काहीतरी भारदस्त' ठेवायचं होतं. काटेवाल्यांच्या डोक्यात दोन्ही पारडी लगेच समोरासमोर आली. एका बाजूला खोली अडवणारा, मुलीचं डोकं फिरवणारा ठोकळा. दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर. त्यावर टायपिंग येईल, हिशेब येईल, पुढे कुठेही नोकरी मिळेल. एवढं फायद्याचं वजन त्यांनी जन्मात तोललं नव्हतं.

"तिला विचारलंत का?" बायकोने विचारलं.

"नापास होताना तिने मला विचारलं होतं?"

पियानो गेला त्या दिवशी काडी शाळेत होती. आली तेव्हा भिंतीवर पियानोच्या आकाराचा फिकट चौकोन आणि तिच्या टेबलावर कॉम्प्युटर. तिने दप्तर या वेळी जागेवर ठेवलं. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "याला आवाज आहे का?"

"आहे की," काटेवाले म्हणाले. "पण हेडफोन लावून ऐकायचं. डोकं नाही उठवायचं."

त्यांना वाटलं, मुलगी समजूतदार आहे. बायकोला वाटलं, मुलगी गप्प झाली. दोघांनी आपापलं वाटणं आपापल्यापाशी ठेवलं.

त्यानंतर त्या घरात नवाच आवाज सुरू झाला. दुपार टळली की काडीच्या बंद दारामागून टकटक, टकटक. कधी हळू, कधी सरसर, कधी थांबून थांबून. काटेवाल्यांच्या छातीचा भाता भरून यायचा. शेजारचे शिंपी त्यांचे दुपारच्या चहाचे सोबती. त्यांना ते भिंतीकडे बोट करून सांगत, "ऐका. काय हात बसलाय पोरीचा!"

शिंपी मशिनीच्या आवाजावर आयुष्य काढलेला माणूस. तो कान देऊन ऐके आणि म्हणे, "हो, पण मधेच थांबून परत तेच तेच काय उसवतेय?"

"चुकलं तर परत टाइप नको करायला? तुमच्यासारखं नाही, वाकडी शिवण तशीच गिऱ्हाइकाच्या गळ्यात."

काडी पुढच्या वर्षी गणितात काठावर पास झाली. काटेवाल्यांनी ते यश पूर्ण कॉम्प्युटरच्या खात्यावर जमा केलं. शाळा संपली, तिने हिशेबाचा वर्ग लावला, आणि टकटक वाढतच गेली. एकदा तर काटेवाले तिच्या खोलीत बल्ब बदलायला गेले असताना त्यांच्या नजरेस पडलं, की कीबोर्डवरची मधल्या ओळीची अक्षरं पार पुसून गेलीत. वरच्या ओळीतलीही काही गेलेली. एक-दोन-तीनचे आकडे मात्र दुकानातून आजच आणल्यासारखे चकचकीत.

आता बघा, हाच माणूस. परक्याच्या काट्यावरची झीज बघून त्याची सगळी अंडीपिल्ली बाहेर काढणारा. हिशेब शिकणाऱ्या मुलीचे आकडे कोरे आणि अक्षरं झिजलेली, एवढं डोळ्यांसमोर असताना याने काय करावं? बाजारातून अक्षरांचे स्टिकर आणले, चष्मा लावून एकेका कळीवर सरळ चिकटवले, आणि संध्याकाळी मुलीला म्हणाले, "बघ, आता चुकणार नाहीस."

काडी त्या स्टिकरांकडे बघून हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. तेही हसले. कशाला, ते त्यांना कळलं नव्हतं, पण मुलगी बऱ्याच दिवसांनी हसत होती.

कळलं ते एका रविवारी सकाळी. दुकान दोन दिवस बंद ठेवायचं होतं, तशी पाटी छापून दारावर लावावी म्हणून ते काडीच्या खोलीत शिरले. ती अंघोळीला गेली होती. कॉम्प्युटर चालूच होता. पडद्यावर खालच्या बाजूला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं एक चित्र. असेल काहीतरी सजावट, असं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली, एक बोट उगारलं आणि 'दुकान'मधल्या 'द'च्या कळीवर मारलं.

'द' उमटला नाही. घंटेसारखा एक सूर वाजला, आणि पडद्यावरची एक पांढरी पट्टी निळी झाली.

ते दचकले. हेडफोनची वायर ओढली जाऊन निघाली होती, आवाज खोलीभर. त्यांनी दुसरी कळ दाबली. दुसरा सूर, दुसरी पट्टी निळी. मग धंद्याची सवय उसळून आली. त्यांनी तीच कळ अगदी हळू दाबली. आवाज तेवढाच. मग मूठ आपटावी तशी दाबली. आवाज तेवढाच, तोळाभर कमी नाही की जास्त नाही.

"हा कसला काटा?" ते मोठ्याने म्हणाले. "मोहरी ठेवा नाहीतर पोतं ठेवा, सुई एकाच जागी!"

काडी ओल्या केसांनी धावत आली आणि दारातच थांबली.

"काय बिघडलंय याला?" त्यांनी विचारलं.

"काही बिघडलं नाही, बाबा."

"अक्षरं गातायत!"

मग तिने सांगितलं. अगदी सरळ सांगितलं, इतकी वर्षं तयार ठेवल्यासारखं. हे संगीत तयार करायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं. खरी पेटी नसेल त्याच्यासाठी पडद्यावर पट्ट्या दिलेल्या असतात. मधल्या ओळीतली अक्षरं म्हणजे पांढऱ्या पट्ट्या, वरच्यातली काही म्हणजे काळ्या. एका वेळी जेमतेम एक सप्तक मावतं, मग खालची एक कळ दाबून अख्खं सप्तक वर सरकवायचं, दुसरी दाबून खाली.

"आणि ती टकटक?"

"हेच."

"सगळी?"

"हिशेबाची पण होती," काडी म्हणाली. "थोडी."

काटेवाले उठले. दारापर्यंत गेले, परत आले. चिडावं की कसं ते त्यांना ठरवता येईना. शिंप्याला काय सांगायचं, हा प्रश्न मधेच डोकं वर काढत होता. शेवटी खुर्चीत बसून ते म्हणाले, "वाजव बघू."

तिने वाजवलं. स्टिकर लावलेल्या त्या कळांवर बोटं अशी पळत होती, की नुसती पुसट दिसत होती. धून कुठून तरी निघून कुठेतरी वळत होती, आणि वळल्यावर वाटत होतं, की इथेच तर वळायचं होतं. दारात बायको येऊन उभी राहिली होती. हातात ओला टॉवेल. तो तिने धून संपेपर्यंत वाळत घातला नाही.

दोन दिवस काटेवाले कोणाशी धड बोलले नाहीत. आणि या दोन दिवसांत त्यांनी आपल्या मनात असा काही हिशेब बसवला, की तो ऐकून हसावं की रडावं कळू नये. तिसऱ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "म्हणजे बघ. पियानो गेला, खोली मोकळी झाली, कॉम्प्युटर आला, गणितही सुटलं. आणि वर पियानो शिकलीस ती शिकलीसच! नुकसान कुठे आहे, दाखव मला."

बायकोने त्यांच्या ताटात भाजी वाढली, मागितली नव्हती तरी. याचा अर्थ, आता तोंड बंद.

काडी म्हणाली, "बाबा, संगीत महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा आहे. पुढच्या महिन्यात. स्वतःची रचना वाजवून दाखवायची असते. मी अर्ज भरलाय."

"भरलास? उत्तम!" त्यांचा हात सढळ झाला होता. "जा, वाजवून ये."

"तिथे खरा पियानो असतो."

"मग?"

"लॉजच्या हॉलमध्ये आपला पियानो आहे. मालकांशी बोलाल का? दुपारी तासभर बसू द्या म्हणावं. परीक्षेपर्यंत."

एवढंच मागणं. चार-पाच वर्षांत तिने केलेलं पहिलं. काटेवाले दर महिन्याला त्या लॉजमध्ये सामानाचा काटा तपासायला जात, आणि पियानो त्यांना दिसे. झाकण बंद, वर पाणी घातलेल्या झाडांच्या कुंड्या. ते नजर दुसरीकडे ठेवून काम उरकत. त्या मालकापुढे जाऊन, 'मुलीला जरा बसू द्या' म्हणायचं, म्हणजे अदलाबदल चुकली होती असं आपल्या तोंडाने कबूल करणं. आत्ताच तर त्यांनी ती फायद्यात दाखवली होती.

पण हे ते बोलले नाहीत. ते धंद्यातलं बोलले.

"हे बघ काडी. मी आयुष्यभर दुकानदारांना एकच सांगत आलोय. ऐन गर्दीच्या दिवशी काटा बदलायचा नाही. ज्याच्यावर हात बसलाय त्याच्यावरच तोलायचं. महिनाभरात दुसरीकडे हात घालशील, तर हाही जाईल आणि तोही. पट्ट्या त्याच आहेत ना? काळ्या त्या काळ्या, पांढऱ्या त्या पांढऱ्या?"

"त्याच आहेत," काडी म्हणाली. "पण..."

"झालं तर मग."

तिने 'पण'च्या पुढचं गिळलं. ते आत कुठे गेलं, हे विचारायचं काटेवाल्यांना सुचलं नाही.

परीक्षेला ते बरोबर गेले. नवीन शर्ट घालून. महाविद्यालयाचा व्हरांडा लांबलचक, बाकांवर मुलं बोटं मोडत बसलेली, त्यांचे आईबाप त्यांच्यापेक्षा घामाघूम. काडीचं नाव पुकारलं. ती आत गेली आणि दार तिच्यामागे पूर्ण लागलं नाही, बोटभर फट राहिली. काटेवाले बाकाच्या टोकाला, फटीच्या बाजूला सरकले.

आत परीक्षक बाई होत्या. वयस्कर, आवाज मऊ. त्यांनी तिला पाणी हवंय का विचारलं, खुर्ची वरखाली करून दिली. मग काडीने सुरुवात केली.

धून तीच होती. रविवारी सकाळी ऐकलेली, आता काटेवाल्यांना पाठ झालेली. पण ती अशी येत होती, की फरशीवर एकेक वीट मांडावी. ठक, ठक, ठक. प्रत्येक सूर तेवढाच मोठा. धून वळायला आली की त्यांना वाटे, आता वळेल, आणि ती कोपऱ्यावर आपटे. लांबच्या पट्टीवर उडी मारायची तिथे हात अलीकडेच पडला, चुकीचा सूर निघाला. तिने परत सुरुवात केली. परत तिथेच.

"थांब, थांब," बाई म्हणाल्या. "घाबरू नकोस. हा भाग जरा हळुवार वाजव बघू."

तिने वाजवला, आणि निम्मे सूर आलेच नाहीत. पट्टी खाली गेल्याचा लाकडी आवाज तेवढा आला. जोरात वाजवावं तर वीट, हळू वाजवावं तर काहीच नाही, आणि या दोन्हींच्या मधली सगळी वाट त्या बोटांना कुणी दाखवलीच नव्हती.

"आणि हे तीन सूर एकदम आहेत ना? यातला मधला कुठे जातो?"

"कॉम्प्युटरवर तीन कळा एकदम दाबल्या की एक लागत नाही," काडीचा आवाज आला. "म्हणून मधला सोडायची सवय लागली."

"अच्छा. घरी पियानो नाही?"

"होता."

काटेवाल्यांनी बाकाची कड धरली होती.

"रचना तुझी आहे? फार सुंदर आहे ग," बाई म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं, हेच वाईट होतं. "पण तू वाजवत नाहीयेस. तू टाइप करतेयस."

टाइप! ज्या शब्दावर काटेवाल्यांनी शिंप्याचा इतका चहा गोड केला, तोच शब्द. भिंतीपलीकडून ऐकून छाती फुगवली होती, तोच. त्यांनी फटीपासून तोंड फिरवलं. समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ त्यांना विचारत होते, "तुमची का आत?" त्यांनी मान हलवली.

काडी बाहेर आली. चेहरा कोरा, त्या आकड्यांच्या कळांसारखा. घरी येताना ती बसच्या खिडकीकडे तोंड करून बसली. अर्ध्या वाटेत तीच म्हणाली, रागाने नाही, नुसतं सांगावं तसं:

"पट्ट्या जड होत्या, बाबा."

काटेवाल्याला सांगत होती, जड म्हणून. पट्टीला वजन असतं, ही गोष्ट जगात एका माणसाला कळायला हवी होती, तो तिच्या शेजारच्या सीटवर बसला होता.

दुसऱ्याच दिवशी ते लॉजवर गेले. मालकाला वाटलं, काटा तपासायला आले.

"तो पियानो परत हवाय," ते म्हणाले.

मालकाने कुंड्यांकडे पाहिलं. "अहो, तो आता इथे शोभतो. आणि तुम्ही तर म्हणाला होतात, ठोकळा आहे."

"म्हणालो होतो."

"डोकं फिरवतो म्हणून."

"माझंच फिरलं होतं," काटेवाले म्हणाले. हे वाक्य महिनाभर आधी म्हटलं असतं तर! तेव्हाही एवढंच अवघड होतं, काडीभर जास्त नाही. तेव्हा त्याचं मोल होतं, आता ते नुसतंच खरं होतं. मालक माणूस बरा निघाला. लॉजचे सगळे काटे काटेवाल्यांनी हयातभर सांभाळायचे, एवढ्या बोलीवर त्याने कुंड्या उचलल्या. झाकणावर त्यांचे गोल गोल वळ राहिले होते. पुसले तरी गेले नाहीत.

पियानो परत त्या फिकट चौकोनासमोर उभा राहिला. काडी खोलीतून बाहेर आली, जवळ गेली, एका बोटाने एक पट्टी दाबली. मग झाकण खाली घेतलं, आवाज न करता.

"पुढच्या वर्षी परत बस ना परीक्षेला," ते म्हणाले. "आता आहे घरात."

"बाबा, मला नोकरी लागलीय. दुसऱ्या शहरात. फोनवर थांबवून ठेवतात तेव्हा धून लागते ना, लिफ्टमध्ये वगैरे, ती बनवणारी कंपनी आहे. तिथे सगळे सूर एकाच वजनाचे लागतात. लहानमोठं असलं तर फोनवर ऐकू येत नाही." ती किंचित हसली. "माझा हात त्यांना फार आवडला."

'म्हणजे शेवटी फायदाच झाला की' असं म्हणणारा माणूस त्या घरात होता, पण तो त्या दिवशी काही म्हणाला नाही. बायकोने त्याच्याकडे बघितलं, आणि प्रथमच टोमणा मारला नाही.

काडी गेली. फोन करी, आईला जास्त, बाबांना बेताचा. जेवलात का, तब्येत कशी, बरं ठेवते. पियानोवरची धूळ बायको पुसे. एका दुपारी ती बाजारात गेली असताना काटेवाल्यांनी आपली वजनांची पेटी उघडली, लहान पितळी वजनं काढली आणि पियानोसमोर बसले. मधल्या एका पांढऱ्या पट्टीच्या टोकावर वीस ग्रॅम ठेवलं. हलली नाही. वर आणखी वीस. किंचित थरथरली. आणखी दहा ठेवलं, तशी पट्टी सावकाश, अगदी सावकाश खाली गेली. काहीच वाजलं नाही.

पन्नास ग्रॅम. मूठभर शेंगदाणे. एवढं पेलायला बोटं शिकली असती, दुपारचा तासभर, दोन गल्ल्या पलीकडे. त्यांनी वजनं उचलली, की पट्टी आपोआप वर आली. काट्यासारखी. शून्यावर.

काडीने आईला सांगितलं होतं, की एका बँकेच्या मदत केंद्रावर तिची धून लागते. काटेवाल्यांचं त्या बँकेत खातं होतं. त्यांना त्या बँकेबद्दल एकाएकी फार शंका येऊ लागल्या. पासबुक कसं भरायचं, शाखा कधी उघडते, सही बदलली तर काय. फोन लावत, 'कृपया थांबा' आलं की पियानोसमोरच्या स्टुलावर नीट बसत आणि ऐकत. धून तीच, वळणारी. तीन सूर एकदम येत तिथे दोनच येत. मधली जागा रिकामी. इतर कोणाला ती कळणं शक्य नव्हतं. त्यांना ती दातांतल्या फटीसारखी कळे.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" पलीकडची मुलगी विचारी.

"घाई नाही, बाळ. आधी बाकीच्यांचं बघून घे."

"सर, आपलाच नंबर आहे."

"मग परत थांबवून ठेव ना जरा."

बँकेतल्या मुली त्यांना आवाजावरून ओळखायला लागल्या. कोणी हसे, कोणी चिडे, एक जण खरंच परत थांबवून ठेवी. अशा थांबण्यांमधून, एका कानाला फोन लावून, दुसऱ्या हाताच्या एका बोटाने ते पट्ट्या चाचपत राहिले. ही नाही, ही नाही, हीपण नाही. कानाला सवय नाही, बोटाला त्याहून नाही. बायको आत म्हणे, "देवा, आता हे नवीन." पण दार ओढून घेई, म्हणजे बाहेरचा आवाज आत नको, की आतला बाहेर नको, ते तिचं तिला ठाऊक. शेवटी एक पट्टी अशी सापडली, की त्या दोन सुरांच्या मधे ती बसली. कुलपात किल्ली बसावी तशी.

त्या रविवारी त्यांनी आपणहून काडीला फोन केला. तिने लगेच उचलला. धून लागली नाही, त्यामुळे ते गडबडले. तयारी तेवढ्या वेळात करायची होती.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"आहे. ओरडतेय, म्हणजे बरी आहे. तू जेवलीस?"

"अकरा वाजलेत सकाळचे."

"हं."

"बाबा, आई म्हणाली तुम्ही बँकेला सारखा फोन करता. खात्यात काही गोंधळ आहे का?"

"गोंधळ आहेच," ते म्हणाले. मग म्हणाले, "थांब हं," आणि फोन पियानोवर ठेवला, कुंडीच्या एका वळावर. बोट त्या पट्टीवर नेलं. जोरात मारायची नव्हती. वीट नको होती. त्यांनी हळूच दाबली. पट्टी खाली गेली. काही वाजलं नाही. परत दाबली, थोडी जास्त. लाकडाचा आवाज आला.

फोनमधून काडी म्हणत होती, "हॅलो? काय करताय? ऐकू येत नाहीये."

त्यांनी फोन उचलला. "तो मधला," ते म्हणाले. "तुझा सुटतो ना, तो. सापडलाय मला. पण हळू दाबला की येतच नाही ग."

पलीकडे आता धूनही नव्हती.

"मला माहीत आहे, बाबा," काडी म्हणाली.

तिने फोन ठेवला नाही. त्यांनीही नाही. बोट अजून पट्टीवरच होतं, खाली दाबलेलं. उचललं तर ती वर येईल, म्हणून ते तसंच धरून बसले.